सुटकेच्या दिवशीच वकील हवा

धानाची मळणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून मजुरांच्या टोळ्या मिरची तोडायला तेलंगणात उतरतात. बहुतेक जण चार पैसे गाठीला बांधून परत येतात. या साऱ्या स्थलांतराला सरसकट मानवी तस्करी म्हणणे त्यांच्या कष्टांवर अन्याय करणारे ठरेल. पण त्याच वाटेने मुकादमाकडून उचल घेऊन गेलेली काही माणसे मळ्यावर अडकतात. हिशेब मिळत नाही, परत निघू दिले जात नाही, पोरेही कामाला जुंपली जातात. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातल्या पेरूरच्या मिरचीच्या मळ्यावरून पायी निघालेली छत्तीसगडमधल्या बिजापूरची १२ वर्षांची आदिवासी मुलगी घर गाठण्याआधीच गेली, तेव्हा या वाटेवर मुलेही आहेत हे देशाला कळले. चंद्रपूर जिल्ह्यातले गडचांदूर ज्या कोरपना तालुक्यात येते, तो तर थेट तेलंगणातल्या आदिलाबादला लागून आहे. इथला अडकलेला माणूस सुटला तरी त्याला न्याय मिळणे कठीण असते आणि माझ्या मते त्याचे मोठे कारण एकच आहे: सुटकेच्या दिवशी त्याच्या बाजूने बोलणारा वकील तिथे नसतो.

त्या दिवशी काय लिहिले जाते, यावर पुढचे सारे ठरते. जबाबात ‘मजुरीची बाकी राहिली’ एवढेच आले, तर प्रकरण मजुरीच्या वादात जमा होते. मालक थोडी रक्कम टेकवतो, मजुरांना गाडीत बसवून दिले जाते आणि विषय मिटतो. उचल किती होती, कोणी दिली, रात्री कोण पहारा ठेवत होते, बाजाराला जाऊ देत होते का, फोन आणि आधार कार्ड कोणाकडे होते, हे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर आणली, तर तेच प्रकरण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये बसते. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या बाईने तेलुगूत लिहिलेल्या जबाबावर अंगठा उमटवायचा, तर हे प्रश्न तिच्या वतीने विचारणार कोण? याच टप्प्यावर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते नसेल तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेचे दार उघडत नाही. योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे. पुढे पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि तस्करीसारख्या अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत. पण ही मोठी रक्कम खटल्यात वेठबिगारी शाबीत होण्याशी जोडलेली आहे. म्हणजे पहिल्या दिवशीचा कच्चा जबाब अनेक वर्षांनी त्या कुटुंबाच्या ताटातला घास काढून घेतो.

सरकारी वकील असतोच, मग वेगळा कशाला, असे विचारले जाते. सरकारी वकील राज्याचा असतो आणि त्याचे काम मुख्यतः न्यायालयात सुरू होते. प्रमाणपत्र, नुकसानभरपाई, साक्षीला जाण्याचा खर्च, धमक्यांपासून संरक्षण हे त्याच्या कामाचा भाग होत नाही. म्हणूनच १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने मानवी तस्करी आणि वेठबिगारीच्या बळींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकिलाचा हक्क दिला. पाठीशी कोणी उभे राहिले की काय फरक पडतो, ते २०२२ मध्ये इगतपुरीकडे दिसले. मेंढपाळांकडे कामाला दिलेल्या कातकरी मुलांचा प्रश्न एका मुलीच्या मृत्यूनंतर समोर आला आणि श्रमजीवी संघटनेने तो लावून धरला, म्हणून वेठबिगारी आणि ॲट्रॉसिटीची कलमे लागली. जिवती-कोरपना तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या मागे अशी संघटना नेहमी असेलच असे नाही. म्हणून हे काम शासनाच्याच यंत्रणेने करायला हवे.

‘ते स्वखुशीने गेले, उचल घेतली, मग तस्करी कसली?’ हा आक्षेप गावच्या पारापासून पोलीस ठाण्यापर्यंत ऐकू येतो. कायद्याने तो केव्हाच निकालात काढला आहे. कलम १४३ च्या स्पष्टीकरणात पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हीदेखील सक्तीच आहे. १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालाने तर सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरायला सांगितले; तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. अशा कारवाईने मिरचीचा रोजगारच बंद पडेल ही भीती मात्र प्रामाणिक आहे, आणि ती बोलून दाखवणारे बहुतेकदा मजूरच असतात. त्यांना माझे उत्तर इतकेच की कसोटी साधी आहे: काम सोडून घरी जायची मोकळीक होती की नाही? ज्या मळ्यावर ती आहे, त्याला या कायद्याची झळ लागायचे कारण नाही.

सीमेचा अडथळाही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. गुन्हा तेलंगणात घडला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार राजुऱ्यात किंवा गडचांदुरातही नोंदवून घ्यावी लागते. घरी परतलेल्या माणसाची फाइल त्याच्या घरच्या जिल्ह्यानेच धरून ठेवावी. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या विधी सेवा प्राधिकरणांनी पुढच्या मिरची हंगामाआधी सीमेवरच्या तालुक्यांसाठी वकिलांचे पॅनेल तयार करावे आणि गोंडी, कोलामी, तेलुगू जाणणारे विधी स्वयंसेवक नेमावेत. ग्रामपंचायतींनी टोळी निघण्याआधी मुकादमाचे नाव, मळ्याचा पत्ता आणि उचलीची रक्कम नोंदवून ठेवावी आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा क्रमांक प्रत्येक टोळीच्या हाती द्यावा.