पाहुणे आणि सामना

रविवारी घरी पाहुणे आले असता दूरदर्शन संच बंद करावा, असा जो अलिखित कायदा आपल्या मध्यमवर्गीय घरांत अद्याप जारी आहे, तो निदान अंतिम सामन्याच्या दिवशी तरी बेलाशक रद्दबातल करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावरचा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास लांबला आणि तेवढ्या अवकाशात आमच्याकडे काका, काकू, आत्या असा सारा परिवार दाखल झाला. पुरुषांनी संचासमोर बसावे व स्त्रियांनी ओट्यापाशी उभे राहावे, ही पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालत आलेली वहिवाट त्या दिवशी मोडली. कारण शेफाली वर्माच्या ८७ धावा आकार घेत असताना काकूंनी पुढची खुर्ची जी घेतली ती सोडली नाही, त्यांचे माहेर मिरजेचे असल्याने सांगलीच्या स्मृती मानधनावर त्या हक्काने बोलू लागल्या, आणि पोह्यांची जबाबदारी ओघानेच काकांवर आली, जी त्यांनी, मीठ किंचित अधिक पडूनही, निष्ठेने पार पाडली. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, २००५ व २०१७ मध्ये अंतिम फेरीत हुकलेला चषक ५२ धावांच्या विजयाने प्रथमच भारतीय महिलांच्या हाती आला, तेव्हा मध्यरात्र होत आली होती. तरीही एकाही पाहुण्याने घड्याळाकडे पाहिले नाही, आणि आत्या तर मुक्कामालाच राहिली.