बी. ए. होऊन काय करणार?



दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यातल्या पुष्कळ घरांत ओसरीवर बैठक बसते. आजोबा असतात, चुलते असतात, मामा आलेले असतात. पोरगा किंवा पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी असते. मार्क बरे पडलेले असतात. विचारले, की ती हळूच सांगते, "मला आर्ट्सला जायचंय. इतिहास आवडतो, अर्थशास्त्र आवडतं." आणि मग ओसरीवरून तो ठरलेला प्रश्न येतो, "बी. ए. होऊन काय करणार?"

हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याने कापूस विकून फी भरलेली असते. गावात दोन-चार बी. ए. झालेली मुले पारावर बसलेली त्याने पाहिलेली असतात. पदवीचा कागद पेटीत आणि पोरगा ना शेतात ना नोकरीत, हे दुःख ज्याच्या घरी आले त्यालाच कळते. म्हणून या प्रश्नाला रागाने उत्तर देऊन चालणार नाही, नीट उत्तर दिले पाहिजे.

आज तुम्हाला तीन कामांची गोष्ट सांगतो. तिन्ही तुमच्या ओळखीची आहेत. एक सहकारी साखर कारखाना, दुसरी अंगणवाडी आणि तिसरे मोठे धरण. कारखाना म्हटला की आपल्याला यंत्रे आठवतात, धरण म्हटले की इंजिनिअर आठवतो. पण या तिन्ही कामांच्या उभारणीत कला शाखेचे विषय शिकलेल्या माणसांचा हात होता. त्यांनी पुढारपण केले ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट नगर जिल्ह्यातील लोणीची. प्रवरेच्या कालव्यावर ऊस होत होता, पण कारखाने खासगी होते. उसाचे दुखणे तुम्हाला सांगायला नको. तोडलेला ऊस घरात साठवून ठेवता येत नाही. तो वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे भावासाठी अडून बसण्याची सोय शेतकऱ्याला नसते. यावर उपाय म्हणजे कारखानाच शेतकऱ्यांचा असावा. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी हे काम हाती घेतले. त्यांचे शाळेतले शिक्षण थोडे, पण माणसांची आणि जमिनीची पारख मोठी. गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले.

आणि या कारखान्याचे पहिले अध्यक्ष कोण झाले? धनंजयराव गाडगीळ. हे काही साखरेचे तज्ज्ञ नव्हते. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून आलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक. पुस्तकातला माणूस म्हणून कोणी त्यांना बाजूला सारले असते तर नवल नव्हते. पण गाडगिळांच्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या मुलखाची पाहणी केली होती. कालव्याचे पाणी आल्याने कोणाला काय मिळाले, बागाईत आणि जिराईत यांत फरक किती पडला, याचा हिशेब मांडणारे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च त्यांनी अभ्यासाचा विषय मानला होता. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्रातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना ठरला.

यात शिकण्यासारखे काय? विखे पाटलांनी गाडगिळांना "तुम्हाला नांगर धरता येतो का?" असे विचारले नाही. गाडगिळांनीही विखे पाटलांना "तुमची पदवी कोणती?" असे विचारले नाही. एकाकडे लोकांचा विश्वास होता, दुसऱ्याकडे हिशेबाची शिस्त आणि सरकारदरबारी योजना पटवून देण्याची ताकद. दोघांनी आपापल्या जागेचा मान ठेवला. पुढे गाडगीळ देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, पण सहकाराच्या इतिहासात त्यांचे नाव घेतात ते विखे पाटलांच्या जोडीनेच. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते, त्याच्या शेजारी बसण्यात कमीपणा न मानणे, हा पुढारपणाचा पहिला धडा.

दुसरी गोष्ट समुद्रकाठच्या बोर्डीची. ताराबाई मोडक १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी बाई पदवीधर होणे हीच मोठी गोष्ट. राजकोटला त्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. चांगली जागा होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे लहान मुलांना शिकवायचे काम शिकायला गेल्या. आजही एखाद्या पोरीने असे केले तर घरची माणसे डोक्याला हात लावतील. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले.

केंद्र निघाले, पण गरिबांची आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. दोष त्यांचा नव्हता. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कोणाला गुरे राखायची होती. अशा वेळी "हे लोक सुधारणारच नाहीत" असे म्हणून मोकळे होणारे शिकलेले लोक आपण पुष्कळ पाहिले आहेत. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. मुलांनी गुरे सोडून शाळेत यावे असा हट्ट धरला नाही, गुरे जिथे चरतात तिथे शाळा गेली. १९७५ पासून केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आपल्या गावच्या अंगणवाडीत खाऊ खाणाऱ्या नातवाला ही गोष्ट जरूर सांगा.

ताराबाईंच्या बरोबरीने ज्यांनी हे काम ओढले त्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत शिकत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या आणि १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पदवीधर झाल्या. पदवी मिळाली तेव्हा बोर्डी-कोसबाडच्या पोरांमध्ये त्यांची कित्येक वर्षे गेलेली होती. म्हणजे एकीने आधी पदवी घेतली आणि मग काम शोधले, दुसरीने आधी काम केले आणि मग पदवी घेतली. ज्या बायाबापड्यांना वाटते की आपले वय गेले, त्यांनी अनुताईंकडे पाहावे. लोक आपल्याकडे येत नसतील तर आपण उठून त्यांच्या दारी जावे, हा दुसरा धडा.

तिसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. त्यांना आपण राज्यघटनेसाठी ओळखतो. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी बी. ए. केले ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन, आणि १९१५ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात एम. ए. झाले तेही अर्थशास्त्रात. १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, असे सगळे म्हणत होते. त्यांनी वेगळा विचार मांडला. रान लहान की मोठे एवढ्यावर भागत नाही. त्या रानाला जोडायला भांडवल आणि अवजारे किती आहेत, आणि त्याच्यावर किती तोंडे अवलंबून आहेत हे पाहा. जमिनीवरचा माणसांचा भार हलका करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. शंभर वर्षे होऊन गेली, पण भावाभावांत वाटणी करताना आजही हे खरे वाटते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. धरण कसे बांधायचे हे इंजिनिअरला ठाऊक असते. पण नदी दोन प्रांतांतून वाहते, मग खर्च कोणी करायचा? नुसता पूर अडवायचा की त्याच पाण्यावर शेती आणि वीजही करायची? हे प्रश्न अर्थशास्त्राचे आणि राज्यकारभाराचे होते. नदी सगळी मिळून एक आहे, तिचा विचार एकत्र करा आणि एका धरणातून अनेक कामे साधा, हे धोरण त्यांनी आग्रहाने मांडले. १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की पुराचे पाणी शत्रू समजून समुद्रात लोटून देऊ नका, साठवा. त्याच वर्षी पाण्याचे केंद्रीय मंडळ स्थापन झाले, तेच आजचे केंद्रीय जल आयोग. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आपल्यासमोर आलेल्या प्रश्नाला त्याच्या सगळ्या बाजूंनी पाहणे, हा तिसरा धडा.

आता कोणी म्हणेल, "ही थोर माणसं. आमचा गणप्या काही आंबेडकर नव्हे." बरोबर आहे. शिवाय त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते, आज गल्लोगल्ली आहेत. नुसत्या बी. ए. च्या कागदावर आज कोणी खुर्ची देणार नाही, हे मी लपवून ठेवत नाही. स्पर्धा परीक्षेला कोणतीही पदवी चालते हे खरे, पण बसणारे पुष्कळ आणि जागा मोजक्या. त्या एकाच आशेवर पाच-सात वर्षे घालवू नयेत.

पण या माणसांकडे पाहून एक गोष्ट कळते. त्यांच्यापैकी कोणीही पदवी हा शिक्षणाचा शेवट मानला नाही. कला शाखेने त्यांना वाचायला, ऐकायला, माणूस समजून घ्यायला आणि समजलेले मुद्देसूद मांडायला शिकवले. मग ती विद्या घेऊन ती एका खऱ्या कामाशी जाऊन भिडली. विद्या आणि काम यांची गाठ पडली नाही, की पदवी पेटीत राहते. पारावरच्या पोराचे दुखणे हेच असते.

तेव्हा आईबापांनो, पोराला किंवा पोरीला आर्ट्सला घालणार असाल तर खुशाल घाला, पण पहिल्या वर्षापासून घरची-गावची कामे तिच्या हाती द्या. अर्थशास्त्र शिकते ना? मग एका हंगामाचा एकरी खर्च आणि उत्पन्न तिला वहीत मांडू द्या, आणि ती वही घरच्या बैठकीत वाचायला लावा. विकास सोसायटीचा वार्षिक अहवाल तिच्याकडून समजावून घ्या. राज्यशास्त्र शिकतो ना? मग ग्रामसभेला त्याला पाठवा, ठराव कसा लिहितात ते पाहू द्या. शेजारच्या म्हातारीचा पेन्शनचा अर्ज त्याने भरून द्यावा आणि मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. जोडीला कॉम्प्युटर, एखादी जास्तीची भाषा असे काही हाताला लागेल ते शिकावे. पुढे ती शिक्षिका होईल, वकील होईल, बँकेत जाईल, बचत गटाचे काम बघेल नाहीतर शेतमालाचा धंदा करील. वाट कोणतीही असो, हे शिकलेले वाया जात नाही.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगणे. ओसरीवर तो प्रश्न आला की मान खाली घालू नका आणि उलटूनही बोलू नका. "आबा, मी अमुक शिकणार आहे आणि त्याच्या जोडीने अमक्याच्या हाताखाली अमुक काम शिकणार आहे," एवढे सांगता येईल अशी तयारी करून बसा. ज्या पोराला हे सांगता येते, त्याच्या फीसाठी कापूस विकताना बापाचा हात थरथरत नाही.