ही मेस जरा वेगळी आहे!

मेस म्हटलं की काय आठवतं? पाणीदार आमटी, रविवारची फीस्ट आणि महिनाअखेरचं बिल. पण लडाखमधल्या हानले गावाजवळ, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर एक मेस आहे, तिथे पोळी-भाजी मिळत नाही. ही मेस म्हणजे २१ मीटर व्यासाची दुर्बीण. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, ऑक्टोबर २०२४मध्ये उद्घाटन झालेली. तिचं काम एकच, अवकाशातून येणारे गॅमा किरण पकडणं.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण फुल्ल पॉवरवाला. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा असते दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. मेसच्या गिऱ्हाइकांची सुरुवातच होते दोन हजार कोटींच्या आसपास!

गंमत म्हणजे हे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वातावरण त्यांना वरच अडवतं, म्हणून तर आपण सुखरूप आहोत. मग जमिनीवर दुर्बीण कशाला? तर गॅमा किरण हवेत घुसला की त्यातून कण जन्मतात, त्या कणांतून आणखी कण, असा धबधबाच सुरू होतो. हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो आणि हे कण त्याच्याही पुढे पळतात. त्या धावपळीत निळसर प्रकाश चमकतो. त्याला म्हणतात चेरेंकॉव्ह प्रकाश. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा. त्यातले जेमतेम पाच-दहा तुकडे टिकणारी ही चमक. मेसचा कॅमेरा नेमकी तीच टिपतो.

पण इनबॉक्समध्ये कामाच्या मेलपेक्षा स्पॅमच जास्त, तसंच इथेही. बहुतेक चमका वैश्विक किरणांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या असतात. गॅमाची प्रतिमा सडपातळ, सुबक, बाकीच्यांची विस्कटलेली. त्यावरून निवडानिवड होते.

एवढा खटाटोप कशासाठी? वैश्विक किरण १९१२मध्ये व्हिक्टर हेसने शोधले. पण वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना भरकटवतात, त्यामुळे ते आले कुठून, ते थेट कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात, घरचा पत्ता घेऊनच. १०५४मध्ये चिनी निरीक्षकांनी एका ताऱ्याचा स्फोट पाहिला होता, चक्क दिवसाढवळ्या दिसणारा. त्याचा अवशेष म्हणजे क्रॅब नेब्युला. १९८९मध्ये ॲरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीने तिथून येणारे अतिऊर्जावान गॅमा किरण पक्के पकडले आणि या शास्त्राची गाडी सुटली.

या सगळ्याला एक गोष्ट मात्र हवीच हवी, ती म्हणजे काळोख. रस्त्यावरच्या दिव्यांपुढे त्या निळ्या चमकेचा काय पाड! २०२२मध्ये हानलेचा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' झाला. तिथली मंडळी खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिवे झाकतात.

आपल्याकडे? जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास वर बघा. वृषभेच्या एका शिंगाच्या टोकाशी क्रॅब आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाहीच. पण मुळात ते शिंग तरी तुमच्या गच्चीवरून दिसतंय का?