बिस्किटातला राजवंश

दिल्लीच्या थंडीत चहाबरोबर बोरबॉन बिस्किट हवेच! लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने ते १९१० मध्ये काढले. नाव मात्र फ्रान्सच्या राजघराण्याचे. या घराण्यातल्या सोळाव्या लुईचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच वर्षी हिंदी महासागरातल्या बोरबॉन बेटाचे नावही पुसून ‘रियुनियन’ केले गेले. तिथल्या कॉफीला मात्र जुनेच नाव चिकटून राहिले. अमेरिकेतली मक्याची व्हिस्कीही बोरबॉनच!

पण खरे नवल भोपाळचे. तिथल्या बोरबॉन घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अकबराच्या दरबारी आलेला फ्रेंच राजपुत्र, अशी कुलकथा आहे. पुरावा तुटपुंजाच म्हणा! मात्र याच घराण्यातला बाल्थझार बोरबॉन एकोणिसाव्या शतकात भोपाळ संस्थानचा मंत्री होता, हे खरे. बेगमांच्या राज्यातला हा ख्रिस्ती कारभारी शहजाद मसीह या नावाने ओळखला जाई.