धुळीच्या बळींची नोंद कोण ठेवणार?

पाटी-पेन्सिलीवर ज्यांनी मुळाक्षरे गिरविली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ती करड्या दगडाची पेन्सिल कोण कापतो, असा प्रश्न पडला असेल. मध्य प्रदेशातील मंदसौर हे या पेन्सिलींचे मोठे उत्पादनकेंद्र. तेथे विजेवर चालणाऱ्या गोल करवतींनी दगड कापला जाई आणि कापणाऱ्याच्या तोंडासमोर धुळीचे लोट उठत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी या धंद्यातील 593 कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस जडला होता. पुढील 16 महिन्यांत 23 कामगार दगावले आणि मृत्यूसमयी त्यांचे सरासरी वय पस्तिशीच्या आतले होते. मुलांच्या हाती अक्षरे देणारा हा उद्योग त्यांच्या बापांच्या वयाची माणसे अशी अकाली संपवीत होता.

सिलिकोसिस हा दगडाच्या धुळीने होणारा रोग आहे. गारगोटी, वालुकाश्म, ग्रॅनाइट यांसारख्या खडकांत स्फटिकरूप सिलिका असते. खडक फोडताना, छिद्रे पाडताना वा दळताना तिचे जे कण उडतात, त्यांतील डोळ्यांना दिसणारे कण नाकाघशात अडकतात. खरा घात करतात ते न दिसणारे. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यांना गिळावयास आलेल्या शरीराच्या रक्षक पेशीच मरून पडतात आणि त्या जागी व्रणासारख्या टणक गाठी धरतात. फुप्फुस आकसत जाते. आधी चढण चढताना, मग सपाटीवर चालताना आणि शेवटी अंथरुणात पडल्या पडल्याही धाप लागते. काम सोडले तरी रोग थांबेलच असे नाही. त्यावर गुण देणारे औषध आजही नाही. मात्र तो टाळता येतो, आणि तो टाळण्याचे उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

ज्ञानाची उणीव आपल्याकडेही नव्हती. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत हा रोग असल्याचे 1940 च्या दशकातच नोंदले गेले होते. 1948 च्या कारखाने कायद्याने त्याचा समावेश सूचनीय रोगांत केला आणि असा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास कळविण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरवर घातले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1999 च्या अहवालानुसार देशातील सुमारे 30 लाख कामगारांना सिलिकाच्या धुळीचा मोठा धोका होता. त्यांपैकी 17 लाख एकट्या खाणी व दगडखाणींतील होते. मग कायदा होता, आकडे होते, तरी माणसे का मरत राहिली?

याचे उत्तर रुग्णाच्या कागदपत्रांत सापडते, किंवा खरे म्हणजे ती सापडत नाहीत यातच ते आहे. धापेने हैराण झालेला खाणकामगार सरकारी दवाखान्यात जातो. त्याला खोकला असतो, तो खंगलेला असतो आणि क्ष-किरण चित्रात डाग दिसतात. त्याला क्षयाची औषधे सुरू होतात. सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, म्हणून पुष्कळदा हे निदान अर्धे खरेही असते. परंतु उरलेले अर्धे सत्य कोणी लिहून ठेवीत नाही. तो मेला की मृत्यूचे कारण क्षय. क्षयाचा दोष जंतूकडे जातो, सिलिकोसिसचा मालकाकडे गेला असता. निदानातील हा फरक नुसता वैद्यकीय नव्हे. कामगाराच्या विधवेला भरपाई मिळणार की नाही, हेही त्यावरच ठरते.

गोध्याच्या प्रकरणाने हे सारे चव्हाट्यावर आणले. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, धार व झाबुआ या जिल्ह्यांतील आदिवासी पोटासाठी गुजरातेत गेले आणि गोध्याकडील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत राबले. काही काळातच ते धाप लागलेल्या स्थितीत गावी परतले आणि एकामागून एक मरण पावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2010 मध्ये अशा 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. प्रत्यक्ष आदेश यावयास 2016 साल उजाडले आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. ज्याला हजेरीपत्रक, ओळखपत्र किंवा पगाराची पावती कधी मिळालीच नाही, त्या मजुराने आपण अमुक कारखान्यात होतो हे सिद्ध करावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

हा प्रश्न परराज्याचा म्हणून महाराष्ट्राला बाजूला सारता येणार नाही. आपला काळा पाषाण सुदैवाने मुक्त सिलिकेच्या बाबतीत गरीब आहे. पण सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वाळूच्या साच्यांतून ओतकाम चालते आणि शहरोशहरी ग्रॅनाइट कापणारे गाळे आहेत. तोंडाला रुमाल बांधून कडप्पा-ग्रॅनाइट कापणारा मुलगा आपण रोज रस्त्यात पाहतो. तो रुमाल या सूक्ष्म कणांना अडवीत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर उद्योजकांचे म्हणणे ठरलेले असते. धूळनियंत्रणाचा खर्च लहान कारखान्यास झेपत नाही आणि मुखपट्टी दिली तरी कामगार ती लावीत नाहीत. पहिल्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात त्याहून थोडे. उकाड्यात आठ-आठ तास अंगमेहनत करणाऱ्याला मुखपट्टी सोसत नाही, ही गोष्ट खरी. पण म्हणूनच ती अखेरचा उपाय मानावयाची असते. पहिला उपाय म्हणजे धूळ उडूच न देणे. त्यासाठी करवतीवर पाण्याची धार सोडावी, छिद्रे ओल्या पद्धतीने पाडावीत, दळणयंत्र बंदिस्त ठेवावे आणि धूळ जेथे उठते तेथेच ती शोषून घेणारे पंखे बसवावेत. यांत आवाक्याबाहेरचे तंत्रज्ञान कोणते? आणि एवढेही ज्या धंद्याला परवडत नसेल, त्याचा नफा कामगाराच्या फुप्फुसातून निघतो, असे म्हणणे भाग आहे.

राजस्थानने 2019 मध्ये याविषयी स्वतंत्र धोरण आखले. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की रुग्णाला 3 लाख रुपये आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांना 2 लाख रुपये देण्याची तरतूद त्यात आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही त्यासाठी वापरला जातो. या धोरणाच्या अंमलबजावणीत उणिवा असतील, परंतु त्यामागील तत्त्व योग्य आहे. ज्या जमिनीतून खनिज निघाले, तिच्या उत्पन्नावर ते काढणाऱ्याचा पहिला हक्क असावयास हवा. महाराष्ट्रानेही हे तत्त्व स्वीकारावे. पुरावा मागावयाचा असेल तर तो मालकाकडे मागावा, मजुराकडे नव्हे.

कारखाने कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. सूचनीय रोगांची यादी तीतही आहे. परंतु नुसत्या यादीने कोणी वाचत नाही, हे 1948 पासूनचा अनुभव सांगतो. सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करता येईल. रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, असे इटालियन वैद्य रामाझिनी याने 1700 मध्येच आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. राज्यातील प्रत्येक क्षय उपचार केंद्रातील नोंदपत्रकावर ‘आजवर कोणकोणती कामे केली?’ हा एक रकाना सक्तीचा करावा आणि दगड, वाळू वा खाण असे उत्तर आलेल्या प्रत्येकाची सिलिकोसिससाठी तपासणी व्हावी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 1995 मध्ये या रोगाच्या उच्चाटनासाठी 2030 ही मुदत ठरविली होती. ती आता तोंडावर आली आहे. मृतांची नोंदच नसली तर रोग संपल्याचे जाहीर करणे फार सोपे जाईल. तसे होऊ नये, यासाठी आधी हा रकाना भरला गेला पाहिजे.