डायलिसिसची फीत कापली, वजनकाटा कुठाय?

२०१६च्या केंद्रीय बजेटमध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. ठिकठिकाणी मशिनी आल्या, फिती कापल्या, फोटो झाले. पण पेशंट नुसत्या मशिनीवर जगत नाही. अंगात साठलेलं १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. रोजचं वजन नाही, सलाईन-लघवीचा हिशेब नाही, तर पाणी किती काढायचं हे ठरवणार कसं? कमी काढलं तर फुप्फुसात पाणी, घाईनं जास्त काढलं तर बीपी कोसळतं. आयसीयूतला माणूस उठून काट्यावर उभा राहत नाही. त्याला वजन दाखवणारी खाट लागते, रात्रपाळीला ट्रेनिंग घेतलेली नर्स लागते. साहेब, पुढच्या उद्घाटनाआधी या दोन गोष्टी दाखवा. आणि नातेवाइकांनो, रोज विचारा: अंगात किती गेलं, बाहेर किती आलं, आज वजन किती?