मोटार त्यांची, भुर्दंड आपला

‘ज्याचा पैसा त्याची मोटार, त्यात समाजाने नाक खुपसण्याचे कारण काय?’ हा प्रश्न आता केवळ धनिकांच्या बैठकीत विचारला जात नाही. आपल्या शिबिरांतील तरुण मित्रही तो विचारू लागले आहेत आणि आपल्यापैकी अनेकांना त्यावर उत्तर सुचेनासे झाले आहे. आलिशान मोटारींवर टीका म्हणजे मत्सर, असा समज रूढ होत चालला आहे. त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. वाद कोणाच्या आवडीनिवडीचा नसून सार्वजनिक तिजोरीचा आणि सार्वजनिक रस्त्याचा आहे.

प्रथम ‘स्वतःचा पैसा’ हे गृहीतक तपासू. अशा कित्येक मोटारी व्यक्तीच्या नव्हे, तर कंपनीच्या वा पेढीच्या नावावर घेतल्या जातात. मग मोटारीचा घसारा, कर्जावरील व्याज, इंधन, विमा, चालकाचा पगार हे सारे धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होते. घसाऱ्याचा दर सामान्य मोटारीला वर्षाला १५ टक्के, विजेवर चालणाऱ्या मोटारीला ४० टक्के. तेवढ्या नफ्यावरील कर बुडतो. म्हणजे मोटारीच्या किमतीचा काही हिस्सा सरकार, पर्यायाने आपण, उचलतो. शाळेत जाण्यासाठी स्कूटर घेणाऱ्या शिक्षकाला मात्र तिचा घसारा पगारातून वजा करता येत नाही.

हा काही निसर्गनियम नव्हे. ३१ मार्च १९६७ नंतर आणि १ मार्च १९७५ पूर्वी घेतलेल्या मोटारीची किंमत २५,००० रुपयांहून अधिक असेल, तर वरची रक्कम घसाऱ्यासाठी हिशेबात धरायची नाही, अशी तरतूद आयकर कायद्यातच होती. निकोलस काल्डॉर यांच्या १९५६च्या अहवालानंतर, १९५७ साली, संपत्तिकर आणि वैयक्तिक खर्चावरील कर यांचे कायदे झाले. खर्चकर १९६२ साली गेला, १९६४ साली परत आला आणि १९६६ साली पुन्हा रद्द झाला. संपत्तिकर २०१५ पर्यंत तग धरून होता आणि त्याच्या करपात्र मालमत्तेच्या यादीत मोटारींचा समावेश होता. तो रद्द करताना त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नाला २ टक्के जादा अधिभार लावला गेला, हे मान्य. परंतु अधिभार उत्पन्नावर असतो. दारात उभ्या असलेल्या संपत्तीला तो हात लावीत नाही.

आता एकाच वर्षाचा ताळेबंद पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एस. टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे महिन्यात मुंबईच्या ‘बेस्ट’चे साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मार्चमधील राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांवरील विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचविला गेला. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. सप्टेंबरात मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आणला गेला. लहान मोटारींवरील आणि बसवरील करही त्याच वेळी उतरला, असे सांगितले जाईल. ते खरे आहे आणि योग्यही आहे. पण म्हणून एस. टी.चे वाढलेले तिकीट खाली आले काय? बाजाराला भाजी घेऊन जाणाऱ्या बाईने वाढीव भाडे निमूटपणे मोजले. तीस लाखांची मोटार घेणाऱ्यावरील कर एका महिन्याच्या आत मागे घेतला गेला. कोणाच्या तक्रारीला किती वजन आहे, हे यावरून कळावे.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. विजेच्या मोटारीने धूर कमी होतो, म्हणून सवलत हवी, असे म्हणतात. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. खटल्याविषयी न्यायालय काय ते ठरवील. परंतु ती मोटार विजेवर चालणारी होती, तिची कायम नोंदणी झालेली नव्हती आणि त्यासाठी भरावयाचे शुल्क होते अवघे १,७५८ रुपये. करमाफीमुळे कोट्यवधींच्या मोटारीकडून राज्याला येणे होते ते एवढेच! धूर कमी करावयाचा तर विजेवरच्या बस घ्याव्यात; एक बस पन्नास माणसे नेते.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. २०२४ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांत आलिशान मोटारी सुमारे ५०,०००, म्हणजे शंभरांत एक. चाकणच्या कामगाराची चूल या एकीवर पेटत नाही, आणि बस बांधण्यालाही कामगारच लागतात.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते की, काही वस्तूंची गोडी त्यांच्या उपयोगात नसून, त्या इतरांपाशी नसण्यात असते. अशा वस्तूवर कर बसविल्याने कोणाची गरज अडत नाही. मिरविण्याची किंमत मिरविणाऱ्याने भरावी, एवढेच आपले म्हणणे आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असोत. ठरावीक किमतीवरच्या रकमेला घसारा नको. आलिशान मोटारीवर, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, किमतीच्या प्रमाणात दरवर्षी कर हवा. आणि तो पैसा एस. टी. व शहर बससेवेकडे वळविला जावा.

एक शब्द आपल्या मंडळींसाठी. १९६३ साली डॉ. लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सत्ताधाऱ्यांना उत्तर द्यावे लागले, कारण विचारणारा स्वतः साधेपणाने राहत होता. मोर्चाला दहा चकचकीत मोटारींच्या ताफ्यातून उतरणाऱ्याने बसभाड्यावर बोललेले लोकांना पटणार नाही. येत्या सभेला आपण एस. टी.ने जावे, ती वेळेवर सुटत नसेल, तर आगारप्रमुखाकडे द्यावयाच्या निवेदनाचा पहिला मुद्दा तिथेच मिळेल.